सोसायटीच्या गेटवर कामवाल्या बायकांचे चेहरे नोंदवावेत का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बडोद्यात गोत्रीकडे तुमची १४४ फ्लॅटची सोसायटी. दिवाळीत दोन घरांत चोरी झाली, म्हणून गेटवर चेहरा ओळखणारे यंत्र बसवायचा ठराव कमिटीपुढे आहे. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, इस्त्रीवाला, दूधवाला असे नव्वदएक लोक त्यात नोंदवायचे. तुमच्याकडे अकरा वर्षे काम करणाऱ्या बाईंनी 'मारो फोटो नथी आपवो' म्हणून सरळ नकार दिला, आणि कमिटी म्हणते, चेहरा नाही तर प्रवेश नाही. कायद्याने हे चालते का, बाईंचे बरोबर आहे का, आणि यंत्र घ्यायचेच तर कोणते, असे तुमचे तीन प्रश्न.

आधी माझे सांगतो, म्हणजे माझे बोलणे त्या हिशेबाने घ्याल. मी ही यंत्रे विकतो. २००३ पासून मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांत हजेरीची यंत्रे बसवतो. आधी पंचिंगची कार्डे होती, मग बोटांचे ठसे आले, आता चेहरे. तुमच्या कमिटीने उद्या मला बोलावले तर माझा फायदाच आहे. आणि मी वकील नाही. कायद्याचे जे काही सांगेन ते धंद्यात ठेचा खाऊन शिकलेले आहे, तेव्हा ठराव पक्का करण्यापूर्वी एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट जाता जाता आली आहे: मेंबरांच्या गाड्यांना स्टिकर आहेत, त्यांचे चेहरे घ्यायचे नाहीत. माझ्या मते गाडी तिथेच अडली आहे. चोरी कोण करतो हे अजून कळलेले नाही, पण संशय कोणावर घ्यायचा हे ठरून गेले आहे. यंत्र कोणतेही आणले तरी ते हेच ठरलेले गणित रोज सकाळी गेटवर मांडत राहणार.

विश्वामित्रीच्या पलीकडे एका सोसायटीत मी हेच मीटिंगमध्ये विचारले होते. म्हटले, यंत्र चांगले आहे, सगळ्यांचेच चेहरे घेऊ, मेंबर, त्यांची मुले, पाहुणे, सगळे. वीस मिनिटे नुसता आरडाओरडा. एक काका म्हणाले, आमची सून किती वाजता येते-जाते याची नोंद ठेवणारे तुम्ही कोण? मी म्हटले, काका, अगदी बरोबर बोललात, आता हेच वाक्य तुमच्या स्वयंपाकाच्या बाईंच्या तोंडी घालून बघा. ते यंत्र शेवटी जिमच्या दारावर लागले, मेंबरांनी खुशीने चेहरे दिले, आणि ज्याला द्यायचा नव्हता त्याला चावी मिळाली. चावी मिळाली, हे लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतो.

आता यंत्राकडे. विकणारा तुम्हाला सांगेल, ९९.९ टक्के अचूक. धरून चालू. नव्वद माणसे, रोज दोनदा, महिन्याला ५,४०० वेळा यंत्रासमोर उभी राहणार. हजारात एक चूक म्हणजे महिन्याला पाच-सहा. हे चालण्यासारखे आहे. पण तो आकडा नीट उजेडात, सरळ उभे राहून, डोके उघडे ठेवून काढलेला असतो. तुमचे गेट पूर्वेकडे असेल तर सकाळी साडेसातला माणसाच्या मागून ऊन येते आणि कॅमेऱ्याला फक्त काळी सावली दिसते. थंडीत डोक्यावर ओढणी, स्कूटीवरून येणारीच्या तोंडाला दुपट्टा. अचूकता ९८ वर आली की त्याच ५,४०० मध्ये १०८ चुका. आणि चुका सगळ्यांत सारख्या वाटून येत नाहीत. नव्वदातल्या ऐंशी जणांना यंत्र कधीच त्रास देत नाही, आणि तीन-चार जणांना रोज देते. कमिटीला वाटते यंत्र मस्त चालले आहे, कारण ते तीन-चार जण कमिटीत नसतात.

हे मी कारखान्यात शिकलो. एका ओतकामाच्या युनिटमध्ये बोटाच्या ठशांचे यंत्र बसवले. वाळूत, तेलात, उष्णतेत काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. भांडी घासणाऱ्या बायकांचेही तसेच होते. ऑफिसातल्या लोकांची हजेरी एका झटक्यात लागायची, आणि फर्नेसवरचे सहा-सात कंत्राटी कामगार बोट पुसून पुसून पुन्हा लावत उभे. उशिराची नोंद झाली की कंत्राटदार अर्धा दिवस कापायचा. ओरड झाली तेव्हा मी यंत्राची कडकपणाची पातळी खाली आणली. मग झिजलेली बोटे चालायला लागली, पण एकाच्या बोटावर दुसऱ्याचे नाव येऊ लागले. हा या धंद्यातला मूळ पेच आहे: कडक ठेवाल तर खरा माणूस बाहेर राहतो, सैल ठेवाल तर भलताच आत येतो. मधली रेघ कुठे ओढायची हे यंत्र ठरवत नाही, माझ्यासारखा माणूस स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून ठरवतो, आणि त्याला कोणी विचारतही नाही. त्या कामगारांचे कापलेले अर्धे दिवस परत मिळाले नाहीत. मी त्या वेळी त्यासाठी भांडलोही नाही, आजही ते आठवले की बरे वाटत नाही.

चेहऱ्यांच्या बाबतीत तोच पेच. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरे ओळखणाऱ्या १८९ अल्गोरिदमची, म्हणजे यंत्राच्या आतल्या ओळख पटवणाऱ्या प्रोग्रामांची, तपासणी जाहीर केली. त्यातल्या बऱ्याच अल्गोरिदममध्ये, एका माणसाला दुसराच समजण्याच्या चुका आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त निघाल्या; बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा जास्त. त्यानंतर यंत्रे बरीच सुधारली, हे मान्य. पण तुम्हाला मिळणारे यंत्र सुधारलेल्यांपैकी आहे की जुन्यापैकी, हे त्याच्या खोक्यावर लिहिलेले नसते. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे दोन सख्ख्या बहिणी कामाला होत्या. यंत्र धाकटीला थोरली म्हणायचे. रोज हसण्यावारी जायचे. पण समजा त्याच दुपारी चोरी झाली असती आणि नोंद बोलली असती की थोरली दोन वाजून दहा मिनिटांनी आत आली? ती घरी झोपलेली होती हे तिने कोणाला कसे पटवायचे? वॉचमनची चूक आपण चूक समजतो. कॉम्प्युटरमधून छापून आलेली चूक पोलीस चौकीत पुरावा म्हणून समोर येते.

चोरीचे म्हणाल, तर ज्या बाई रोज राजरोस गेटमधून येतात, ज्यांचे घर वॉचमनला माहीत आहे, त्यांची ओळख पटवण्यात तुमची सोसायटी कधीच कमी पडलेली नव्हती. मागच्या भिंतीचा दिवा बंद आहे का, ते आधी बघा. थट्टा करत नाही. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त सोसायट्यांत पैसे तिथे लावायला हवे होते.

'सीसीटीव्ही तर आहेच, मग यात वेगळे काय' असे कमिटी विचारेल. फरक आहे. सीसीटीव्हीची रेकॉर्डिंग काही दिवसांनी स्वतःवरच लिहून पुसली जाते, आणि त्यात कोणाला शोधायचे तर माणसाला बसून बघावे लागते. चेहऱ्याचे यंत्र मात्र प्रत्येकाच्या नावापुढे तारीख आणि वेळ मांडत जाते. एक बटण दाबले की तुमच्या बाईंचे सहा महिन्यांचे येणे-जाणे एक्सेलमध्ये. अशी यादी एकदा तयार झाली की तिला नवे उपयोग सुचतात. एका ठिकाणी सुरक्षेसाठी म्हणून बसवलेल्या यंत्रावर तिसऱ्या महिन्यात एक मेंबर आल्या. म्हणाल्या, ही बाई गेटमधून ८.०५ ला आत येते आणि माझ्याकडे ८.४० ला, मधली पस्तीस मिनिटे कुठे असते ते सांगा, पगार कापायचा आहे. ती आधी तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी आजींना चहा करून देत होती. पगाराची भानगड आणि आजींची भानगड, दोन्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या.

गेटवरच्या नोंदींसाठी सोसायट्या जी मोबाइल ॲप वापरतात, त्यातल्या काहींमध्ये तर कामवाल्यांचे फोटो, गाव, पूर्ण नाव, कोणाकोणाकडे काम करतात आणि वर तारे दिलेले, असे सगळ्या घरांना दिसते. स्वयंपाकाला बाई शोधताना आडनावे वाचत बोट वर सरकवणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. आपण बडोद्यात राहतो. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी या गावात आले, तेव्हा त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. पारशी वसतिगृहात पारशी नाव घेऊन राहावे लागले आणि ओळख उघडी पडल्यावर लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. त्यांची आठवण म्हणून जपलेल्या, कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवरून आपण चालायला जातो. दारावर नाव विचारणे ही साधी गोष्ट नाही, हे निदान या गावाला तरी ठाऊक असायला हवे. वॉचमनला पुरेल एवढी ओळख एक गोष्ट झाली, १४४ घरांना दिसणारी आडनावाची यादी ही दुसरी.

कायदा थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतात, सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधला, खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा भाग रद्द केला. गेटवरच्या कपाटात आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा असेल तर त्याचाही विचार करा. तुमच्यासाठी खरा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार. 'मग आत्ता कशाला घाई' असे कोणीतरी म्हणेलच. यंत्र काही दीड वर्षात काढून टाकणार नाही ना? मग त्या कायद्यात बसेल असेच आजपासून घ्या.

त्या कायद्यातला एक मुद्दा कमिटीच्या ध्यानात आलेला नसतो. नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही बाबतीत संमतीशिवाय माहिती वापरता येते. पण तुमच्या बाईंची मालक सोसायटी नाही, तुम्ही आहात. त्यामुळे 'आमच्याकडे काम करतात' ही सबब सोसायटीला सहजासहजी मिळणार नाही, असे मला वाटते. इथे वकिलाचे मत घ्याच. म्हणजे उरते संमती. आणि संमती मोकळेपणाने, विनाअट, नेमक्या कारणासाठी दिलेली हवी, आणि जेवढ्या सहज दिली तेवढ्याच सहज मागे घेता यायला हवी. डेटा यंत्रवाल्याच्या क्लाउडवर असला तरी जबाबदार सोसायटीच. डेटाच्या सुरक्षेत हलगर्जी झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. तुमच्यावर तेवढा कोणी लावणार नाही, पण हा आकडा मीटिंगमध्ये एकदा हळू आवाजात सांगून बघा.

'चेहरा नाही तर प्रवेश नाही' म्हणजे बाईंची चार घरांची रोजी एका अंगठ्याखाली ठेवून वर संमतीपत्रावर सही मागणे. स्वीडनमधल्या शेलेफ्टियो गावात एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहऱ्यावरून घेऊन पाहिली, तीनच आठवडे. त्यांनी संमती घेतली होती. तरी २०१९ मध्ये तिथल्या डेटा प्राधिकरणाने २ लाख क्रोनरचा दंड केला. त्यांचे म्हणणे असे, की विद्यार्थी शाळेवर अवलंबून आहेत, त्यामुळे अशी संमती मोकळी धरता येत नाही. शिवाय हजेरी घ्यायचे साधे मार्ग आहेतच. ते युरोपच्या कायद्याखाली झाले, आपल्याकडे तो लागू नाही. पण शाळेच्या जागी सोसायटी आणि विद्यार्थ्यांच्या जागी भांडीवाल्या ठेवा, काय बदलते?

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर: हो, बाईंचे बरोबर आहे. आणि त्यांनी कारण सांगायलाच हवे असे नाही. एकदा एका बाईंनी असाच नकार दिला तेव्हा सगळ्यांनी काहीतरी लपवते म्हणून बोलून घेतले. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती वाघोडिया रोडला राहायला आली होती, आणि नवऱ्याची बहीण शेजारच्या टॉवरमध्ये कामाला होती. ॲपवरचा फोटो तिच्यापर्यंत पोचायला एक दिवस पुरला असता. हे तिने गेटवर, वॉचमनसमोर सांगायचे का?

यावरून मी यंत्रांच्या विरोधात आहे असे समजू नका. नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात मी चेहऱ्याचे यंत्र बिनदिक्कत बसवतो, कारण गळती झाली तर आत नक्की कोण उरले आहे हे दोन मिनिटांत कळावे लागते. तिथे त्या नोंदीने कामगाराचाच जीव वाचतो, आणि मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे त्याच यंत्रासमोर उभे राहतात. नोंदीचा फायदा कोणाला आणि नियम सर्वांना एकच का, एवढे दोन प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारतो. तुमच्या गेटवर दोन्हींची उत्तरे मला पटत नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर साधे कार्ड घेतले असते. वीस-पंचवीस रुपयांचे कार्ड, त्यावर नंबर, नाव-गाव काही नाही. हरवले तर दुसरे. कार्ड दुसऱ्याला दिले जाईल ही भीती खरी आहे, पण त्यासाठी वॉचमन आहे. अकरा वर्षे येणाऱ्या बाईंना तो अंधारातही ओळखतो. पोलिसांकडची घरनोकर नोंदणी ज्याने त्याने आपापल्या घरापुरती करावी; सोसायटीने ते कागद गोळा करायची गरज नाही.

कमिटीने तरीही यंत्रच घ्यायचे ठरवले, तर ठरावात पुढचे लिहून घ्या, कारण तोंडी ठरलेले पहिल्या भांडणात विरघळते. ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याला कार्ड, आणि त्याला वेगळ्या रांगेत उभे करायचे नाही. ती जिमची चावी म्हणजे हीच. यंत्राने ओळखले नाही तर वॉचमन वहीत लिहून लगेच आत सोडेल. नोंदी तीस दिवसांनी पुसायच्या. पगार, उशीर, खाडे यांसाठी नोंद कोणालाही द्यायची नाही, सेक्रेटरीलासुद्धा नाही. चोरीसारखी तक्रार पोलिसांत गेली तरच काढायची, आणि ती कोणी काढली त्याचीही नोंद ठेवायची. काम सोडले की चेहऱ्याचा डेटा यंत्रातून आणि विकणाऱ्याच्या क्लाउडवरून दोन्हीकडून पुसायचा, आणि पुसल्याचे लेखी घ्यायचे. अठरा वर्षांखालच्या कोणाचाही चेहरा घ्यायचा नाही. आईबरोबर येणारी मुलगी असते, तिलाही नोंदवून टाकतात.

पुसण्यावर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याकडे मी स्वतः बसवलेले यंत्र दिसले. कंपनी बंद पडली, सामान किलोवर विकले गेले. उत्सुकता म्हणून घरी नेऊन चालू केले. पासवर्ड तोच होता, जो मी बसवताना ठेवला होता आणि कोणी कधी बदलला नव्हता. आत चारशेच्या वर माणसे होती, नावासकट, बोटासकट. रात्री बसून ते सगळे पुसले. माझी अशी अजून किती यंत्रे बाहेर असतील, ते मोजायला गेलो नाही.

संमतीची सूचना नव्या कायद्यानुसार इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागता येते, म्हणजे गुजराती, मराठी, हिंदी सगळे आले. पण दाहोद-छोटा उदेपूरकडून आलेल्या बायका घरी भिली किंवा राठवी बोलतात, आणि भिली त्या यादीत नाही. कागद हातात देऊन अंगठा घेऊ नका, कोणाकडून तरी वाचून, समजावून सांगा, आणि विचार करायला आठवडा द्या.

आणि मीटिंग रविवारी सकाळी दहाला ठेवू नका. त्या वेळी सगळ्या बायका तुमच्याच घरांत भांड्यांपाशी असतात. दुपारी तीनला ठेवा, त्यांच्यातल्या दोघी-तिघींना बोलवा, खुर्च्या द्या, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या. काय म्हणाल्या ते मला कळवा, कारण कार्डाचे यंत्र लावायचे झाले तर त्याचा दर मी वेगळा देईन.